नळ सरोवर, छोटे रण आणि कच्छ : मार्गदर्शित पक्षिनिरीक्षण सहलीविषयी

प्रश्न : जानेवारीत आईवडिलांसह गुजरातमधील नळ सरोवर, कच्छचे छोटे रण आणि कच्छमधील बन्नीचा गवताळ प्रदेश अशी मार्गदर्शकासह सहल करण्याचा विचार आहे. पाणथळ आणि वाळवंटी प्रदेश एकाच सहलीत घेणे योग्य ठरेल का, आणि कच्छमधील नलियाला माळढोक दिसण्याची आशा धरावी का?

पहिले उत्तर : अवश्य घ्यावेत. नळ सरोवर उथळ असल्याने तेथील होड्या बांबूने ढकलत नेतात. पहाटेच निघावे, कारण सुट्टीच्या दिवशी उशिरा होणाऱ्या गर्दीत पक्षी दूर सरकतात. छोट्या रणासाठी दसाडा किंवा बजाणा परिसरात मुक्काम ठेवला, तर बजाण्याच्या पाणथळीतील रोहित आणि क्रौंच, तसेच कोरड्या सपाटीवरील होबारा (माळढोकाच्या कुळातील पक्षी) व रानगाढवे हे सारे पाहता येते. होबाऱ्यासाठी मात्र स्थानिक मार्गदर्शक हवाच, कारण मातकट रंगामुळे तो नवख्याच्या नजरेतून सहज निसटतो.

दुसरे उत्तर : माळढोकाची आशा धरू नये. एकेकाळी आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजला ज्याच्यासाठी लोक जात, त्या पक्ष्याच्या कच्छमध्ये आता मोजक्याच माद्या उरल्या आहेत, आणि त्यांच्या मागे गाडी घालण्याचे आश्वासन देणारा मार्गदर्शक टाळलेलाच बरा. तो वेळ बन्नीजवळच्या फुलाय गावाला द्यावा. तेथे पिलूच्या झाडाची फळे खाणारा ग्रे हायपोकोलियस हा पक्षी हिवाळ्यात येतो, आणि भारतात तो इतरत्र क्वचितच दिसतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. नलिया वगळून बन्नीत एक मुक्काम वाढवतो.