चॅप्लिनचा 'मस्यू व्हर्दू' बघितला, आपण खुन्याच्या बाजूने का होतो?

कॅशियरचा_मुलगा

नमस्कार मंडळी. रविवारी बाबांबरोबर मस्यू व्हर्दू बघितला, १९४७ चा, चॅप्लिनचा. बाबांना वाटलं टोपी, काठी, मिशीवाला चार्ली असेल म्हणून ते चहा घेऊन बसले आणि समोर आला हा एकदम टापटीप माणूस, गुलाबाची फुलं कापतोय, वाटेत एक सुरवंट दिसतो तर त्याच्यावर पाय पडू नये म्हणून उचलून बाजूला ठेवतो, आणि मागे बागेत भट्टीतून धूर निघतोय. त्या धुरात त्याची एक बायको आहे, थेल्मा. शेजारीण म्हणते तीन दिवस झाले भट्टी चालूच आहे, कपडे वाळत घालता येईनात.

ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. व्हर्दू बँकेत क्लार्क होता, मंदीत नोकरी गेली. घरी बायको आहे, तिला चालता येत नाही, लहान मुलगा आहे. त्यांना पोसायला हा नावं बदलून पैसेवाल्या एकट्या बायकांशी लग्न करतो, त्यांना मारतो, पैसे शेअर बाजारात लावतो. घरी आला की एकदम प्रेमळ बाप, मुलाने मांजराची शेपटी ओढली तर त्याला समजावतो वगैरे.

आता माझा प्रॉब्लेम. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेत कॅशियर होते, २००१ ला व्हीआरएस म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. व्हर्दू नोटांचं बंडल हातात घेऊन जे काय स्पीडने मोजतो ना, बोटं दिसतच नाहीत, त्याला बाबा इतके हसले की चहा सांडला, म्हणे बघ बघ हा खरा काउंटरवरचा माणूस. आणि मग शेवटी कोर्टात तो म्हणतो की पस्तीस वर्षं मी माझी अक्कल प्रामाणिकपणे वापरली, त्यानंतर ती कोणाला नको होती, तेव्हा बाबा एकदम गप्प झाले. पिक्चर संपल्यावर पण काही बोलले नाहीत, कप उचलून आत गेले.

माझा प्रश्न असा की चॅप्लिनला नक्की काय म्हणायचंय? तो कोर्टात सांगतो की घाऊक माणसं मारायला तर जगच उत्तेजन देतं, त्यासाठीच शस्त्रं बनवतात, त्यापुढे मी अगदीच नवशिका. ते ऐकताना पटतं. पण मग त्या बायका? त्यांचं काय? मी पूर्ण पिक्चरभर हसलो आणि रात्री झोप येईना. मी चुकीच्या माणसाच्या बाजूने होतो असं सारखं वाटत राहिलं. कोणी नीट बघितला असेल तर सांगा ना.

रातपाखरू

दादा, पुण्यात लॉ कॉलेज रोडवर फिल्म अर्काइव्हमध्ये हा पहिल्यांदा बघितला, त्यानंतर चार वेळा तरी. हसू का येतं त्यावर बोलतो कारण चॅप्लिनने ते फार विचार करून बांधलंय.

एक म्हणजे बायकांचा एकही खून तो दाखवत नाही. लिडियाचा, म्हणजे त्याच्या अशाच एका बायकोचा, सीन आठव. रात्री व्हर्दू जिन्यावरच्या खिडकीपाशी उभा राहून चंद्राकडे बघत काव्यात बोलतो, एंडिमियन वगैरे, आतून लिडिया विचारते कोण हा एंडिमियन, तो सांगतो चंद्राने झपाटलेला एक सुंदर तरुण, ती म्हणते सोड त्याला आणि झोपायला ये. तो खोलीत जातो, कॅमेरा बाहेरच, रिकाम्या जिन्यावर. म्युझिक चढत जातं, खिडकीत उजाडतं, आणि हा बाहेर येतो तो एकदम ताजातवाना. खाली येऊन नाश्त्याच्या टेबलावर दोघांची मांडामांड करतो, मग आठवतं, आणि दुसरा कप उचलून ठेवतो. बस. मला तर त्या कपाने जेवढी भीती वाटली तेवढी रक्ताने कधी वाटली नाही. आधी आपण हसतो, मग कळतं कशाला हसलो, आणि तोपर्यंत हसून झालेलं असतं. तुला झोप आली नाही ना, त्याचं कारण तो कप आहे बघ.

दुसरं, जी बाई आपल्याला सगळ्यात जास्त हसवते ती मरतच नाही. ॲनाबेला, त्याची आणखी एक बायको. मार्था रे या नटीने जे काम केलंय त्याला तोड नाही, मोठमोठ्याने हसणारी, अंगावर फर घालून तळ्यावर मासे पकडायला येणारी. नावेत व्हर्दू दगडाला दोर बांधून फास तयार ठेवतो, फेकायला उठला की ही वळून बघते, लगेच हा गोड हसतो. शेवटी टेकडीवर गाणारी मंडळी येऊन उभी राहतात आणि पाण्यात पडतो तो हाच, आणि त्याला पोहता येत नाही म्हणून ओढून काढते तीच. विषाचं पण तसंच, विष लपवलेलं केसांच्या पेरॉक्साइडच्या बाटलीत, मोलकरीण तेच केसांना लावते आणि मूठमूठ केस हातात येतात, इकडे हा आपणच विष प्यायलो म्हणून गडबडा लोळतोय. म्हणजे जिथे आपण पोट धरून हसतो तिथे तो हरतोय. तू पूर्ण वेळ त्याच्या बाजूने नव्हतास रे, ॲनाबेलाच्या सीनमध्ये तू तिच्या नशिबाच्या बाजूने होतास.

सुमेधा_के

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय आणि मनापासून म्हणायचंय, राग मानू नका.

व्हर्दू हवेतून आलेला नाही. हेन्री देझिरे लांद्रू नावाचा खराखुरा माणूस होता फ्रान्समध्ये. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेलेले, विधवा आणि एकट्या बायका खूप, हा पेपरात लग्नाच्या जाहिराती द्यायचा की मी विधुर, बऱ्या स्थितीतला, लग्नाच्या हेतूने ओळख हवी. ११ खून सिद्ध झाले, १० बायका आणि त्यातल्या एकीचा तरुण मुलगा. प्रेतं कधी सापडलीच नाहीत, गांबे गावातल्या घरात चुलीच्या राखेत हाडांचे तुकडे मिळाले आणि ती चूल व्हर्सायच्या कोर्टात आणून ठेवली होती. २५ फेब्रुवारी १९२२ ला गिलोटिनवर शिरच्छेद. त्याची एक वही होती, त्यात सगळा खर्च लिहिलेला, त्यात गांबेच्या रेल्वे तिकिटांची नोंद आहे, स्वतःचं येण्याजाण्याचं आणि बाईचं फक्त जाण्याचं. रातपाखरू तुम्ही त्या कपाबद्दल लिहिलंत आणि मला ते तिकीटच आठवलं.

आणि त्या बायका सगळ्या काही श्रीमंत खडूस नव्हत्या. एक तर १९ वर्षांची मोलकरीण होती, तिच्याकडे घेण्यासारखं काहीच नव्हतं. दुसरं म्हणजे तो पकडला गेला तो नातेवाईकांच्या चिकाटीमुळे. दोन वेगवेगळ्या घरच्यांनी गांबेच्या मेयरला पत्रं लिहिली, दोघींनी सांगितलेली माणसाची नावं वेगळी पण घर एकच, मेयरने त्या घरच्यांची गाठ घालून दिली. आणि १९१९ च्या एप्रिलमध्ये तो पॅरिसमध्ये ओळखला गेला, एका हरवलेल्या बाईच्या बहिणीने पिच्छा सोडला नाही म्हणून तो सापडला. आता पिक्चरमधली पहिली दहा मिनिटं आठवा, थेल्माच्या घरचे. आळशी, भांडकुदळ, एकमेकांच्या अंगावर ओरडणारे, बहिणीची काळजी कमी आणि कटकट जास्त. त्या बहिणीचं असं करायला नको होतं. लिडिया आंबट चेहऱ्याची, ॲनाबेला आरडाओरडा करणारी, थेल्मा तर आपल्याला दिसतच नाही, फक्त धूर. ज्यांना मारायचंय त्यांना आधीच नकोसं करून ठेवलं की आपण खुन्याच्या बाजूने होणारच ना. म्हणून कॅशियरचा_मुलगा, तुम्हाला झोप आली नाही हे मला फार बरं वाटलं.

तिसरी_घंटा

सुमेधाताई, थेल्माच्या घरच्यांबद्दल १००% मान्य. पण एक बाजू राहतेय, पिक्चर कधी आला ती.

मूळ कल्पना दिग्दर्शक ऑर्सन वेल्सची, त्याला लांद्रूवर पिक्चर करायचा होता चॅप्लिनला घेऊन, चॅप्लिनने ५,००० डॉलर देऊन ती कल्पना घेतली आणि स्वतः लिहायला बसला. लिहिताना महायुद्ध चालू, आणि पिक्चर आला हिरोशिमा होऊन दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती तेव्हा. जाहिरातीत खाली लिहिलेलं, खुनांची कॉमेडी. सेन्सॉरवाल्या ब्रीन ऑफिसने तर आधी स्क्रिप्टच नाकारलं होतं, का तर समाजव्यवस्थेवर टीका आहे म्हणून. एप्रिल १९४७ ला न्यूयॉर्कला प्रीमियर, त्यानंतर हॉटेलात पत्रकार परिषद, तिथे पिक्चरबद्दल कमी आणि तुम्ही कम्युनिस्ट आहात का, अमेरिकेचं नागरिकत्व का घेतलं नाही हेच प्रश्न. बाल्कनीतून एकटा जेम्स एजी हा समीक्षक उठला आणि या माणसाला असं वागवता याबद्दल बोलला, पुढे त्याने या एका पिक्चरवर तीन भागात परीक्षण लिहिलं. थिएटरबाहेर निदर्शनं, बहिष्कार, शेवटी पिक्चर काढून घ्यावा लागला. तरी पटकथेला ऑस्करचं नॉमिनेशन होतं. १९५२ ला चॅप्लिन बोटीने लंडनला निघाला आणि वाटेतच कळलं की परत यायची परवानगी रद्द केलीय, मग स्वित्झर्लंडलाच घर केलं. अमेरिकेत हा पिक्चर नीट परत लागला तो १९६४ ला.

म्हणजे ते कोर्टातलं भाषण त्या माणसाला किती महाग पडलं ते बघा. म्हणून मला ते नुसतं खुन्याचं पळवाट काढणं वाटत नाही. पण पिक्चरचं उत्तर त्या भाषणात आहे असंही मी मानत नाही. ते आहे त्या मुलीच्या सीनमध्ये. पावसात भेटलेली, तुरुंगातून नुकती सुटलेली मुलगी, व्हर्दू तिला घरी आणतो, खायला घालतो, आणि नवीन विष चालतं का हे तपासायला वाईनचा ग्लास पुढे ठेवतो. बोलता बोलता ती सांगते नवरा युद्धात जायबंदी झालेला, मुलासारखा माझ्यावर अवलंबून होता, त्याच्यासाठी मी जीवही घेतला असता. व्हर्दूचा चेहरा बघा तिथे. वाईनमध्ये बुचाचा तुकडा दिसतोय म्हणून ग्लास उचलतो, दुसरा आणून देतो आणि वर पैसे देऊन पाठवतो. त्याला ती स्वतःसारखी वाटली म्हणून सोडली. लिडियालाही कोणी तरी हवं असेल की, पण ते त्याने कधी विचारलंच नाही. इथे चॅप्लिनने व्हर्दूचा हिशोब उघडा पाडलाय असं मला वाटतं. आणि नंतर तीच मुलगी मोठ्या गाडीतून भेटते, आता ती शस्त्रास्त्रांच्या कारखानदाराबरोबर राहते. आणि व्हर्दू? बायको, मुलगा दोघं गेलेली, पैसा शेअर बाजारात बुडालेला. ज्यांच्यासाठी केलं म्हणतो तेही राहिले नाहीत.

सुमेधा_के

तिसरी_घंटा, विचारलंच नाही हे जे लिहिलंत ना, त्यावर मी थांबले. मी त्या सीनकडे फक्त दया म्हणून बघत होते आणि चीड येत होती की हिला सोडतो कारण ही तरुण आणि छान बोलते. आता परत बघेन. पण व्हर्दूला पकडायला आलेल्या डिटेक्टिव्हचं पण लक्षात ठेवा, त्याला तर तो तेच विष पाजतो, बायकोला शेवटचं भेटू द्या असं सांगून, आणि तो ट्रेनमध्ये बसल्या बसल्या मरतो आणि हा शांतपणे स्वतःची बेडी सोडवतो. तिथे थिएटरमध्ये लोक हसतात. मला आजही हसू येत नाही तिथे. आणि थेल्माच्या बहिणीबद्दल माझं मत तेच आहे.

रातपाखरू

बहिणीबद्दल बरोबर आहे तुमचं, ताई. फक्त एवढं सांगतो की शेवटी कॅफेत त्याला ओळखतात ते तेच घरचे. त्याला पळून जाता आलं असतं, संधी होती, तो जात नाही. भांडत असतील, ओरडत असतील, पण त्यांनी चेहरा विसरला नव्हता.

कॅशियरचा_मुलगा

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. लांद्रूचं तिकीट आणि व्हर्दूचा कप, दोन्ही काल बाबांना सांगितलं.

त्यावर बाबा जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत इथे लिहितो. व्हीआरएसनंतर सहा महिने मी रोज साडेनऊला कपडे करून बसायचो, तुझ्या आईला माहितेय. तो माणूस कोर्टात जे पस्तीस वर्षांचं बोलला ते खरं आहे, तिथे माझा जीव गलबलला. पण काउंटरच्या पलीकडे पेन्शन घ्यायला ज्या बायका यायच्या ना, एकट्या, पासबुक पिशवीत दोनदा गुंडाळून आणलेलं, सही करताना हात थरथरायचा, त्या मला आठवल्या. लिडियाला बँक बुडतेय असं घाबरवून तो सगळे पैसे काढायला लावतो तिथे. मी म्हटलं मग तिथे तुम्ही हसलात का, तर म्हणाले नाही, हसलो ते त्याच्या आधीच्या मोजणीला, आणि तो मोजत काय होता हे तेव्हा माझ्या लक्षातच आलं नाही.

मग म्हणाले शेवटचा सीन परत लाव. रमवाला, त्याला गिलोटिनकडे नेण्याआधी रम देतात तो. आधी तो नको म्हणतो, मग थांबून म्हणतो, थांबा, मी रम कधी चाखली नाही, आणि पिऊन टाकतो. मग हात मागे बांधलेले, शर्टावर, पहारेकऱ्यांबरोबर तो चालत जातो आणि आपल्याला फक्त पाठ दिसते. बाबा म्हणाले, हा चालतोय तो चार्लीच आहे, काठी नाही एवढंच.