कॅन्सरवर एआयचा सल्ला: डॉक्टरांशी जुळला म्हणजे बरोबर ठरला का?

निपाणीकर
हल्ली बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला की त्याचा फोटो आधी चॅटबॉटला जातो आणि मग डॉक्टरला. आमच्या गल्लीत एकांना गालाचा कॅन्सर निघाला. मुलाने कागद टाकला, उत्तर आलं: ऑपरेशन, रेडिएशन, शिवाय इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवणारी औषधं. तेव्हापासून घरात एकच वाद, डॉक्टर इम्युनोथेरपीचं नाव का काढत नाहीत?

माझं म्हणणं असं की आपल्या पेशंटांवर तपासून झाल्याशिवाय हा सल्ला उपचारात धरूच नये. आणि तपासणं म्हणजे नुसतं जुळवून बघणं नव्हे. बंगळूरच्या मणिपाल हॉस्पिटलने आयबीएमचं वॉटसन हे एआय स्तनाच्या कॅन्सरच्या 638 केसेसवर लावून बघितलं. ट्यूमर बोर्डाशी, म्हणजे एकत्र बसून उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या गटाशी, 93 टक्के जुळलं, 2018 मध्ये निबंध छापून आला, कौतुक झालं. पण आधी न जुळलेल्या केसेस बोर्डाने पुन्हा बघितल्या, त्यानंतरचा हा आकडा. आणि त्यातून पेशंट किती जगला, त्रास किती झाला, हे कळतच नाही. दोघंही एकच चूक करत असतील तरी जुळणारच की. वॉटसनला शिकवलं न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी. तिथला पेशंट आणि मिश्री लावणारी आमची आजी एक कशी?

खानापूरची ताई
दादा, पुन्हा बघितल्या यात वावगं काय? मधल्या काळात नवीन औषधं आली, बोर्डाचं मतही बदललं. आणि बोर्ड कुठल्या पेशंटला मिळतो ते बघा. आमच्या तालुक्यातला माणूस आधी साध्या सर्जनकडे जातो. तोंडातली गाठ काढतात, मान तशीच ठेवतात. टाटा मेमोरियलने 2015 मध्ये दाखवून दिलंय: तोंडाच्या सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेत काही हाताला लागत नसलं, तरी तिथल्या गाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये काढल्या तर तीन वर्षांनी 80 टक्के पेशंट हयात होते, नाहीतर 67.5 टक्के. ‘मानेचं काय ठरलं?’ एवढं जरी मशीनने त्या सर्जनला विचारलं, तरी माणसं वाचतील. तपासणी पूर्ण होईपर्यंत थांबा म्हणणं बेळगाव-मिरजेच्या मोठ्या हॉस्पिटलजवळ राहणाऱ्यांना परवडतं.

वॉर्डातली सिस्टर
कॅन्सर वॉर्डात काम करते म्हणून सांगते. बोर्डासमोर तोंडाच्या कॅन्सरचा पेशंट आला की डॉक्टर आधी ‘तोंड उघडा’ म्हणतात आणि किती बोटं आत जातात ते बघतात. एकच बोट जात असेल तर भूल देताना नळी कशी घालायची इथपासून विचार बदलतो. मग दात. किडलेले दात रेडिएशनच्या आधी काढावे लागतात, नंतर काढले तर जबड्याचं हाड सडू शकतं. मग वजन किती उतरलं, नाकातून नळी घालायची का, सहा आठवडे रोज रेडिएशनला कोण आणणार. यातलं एकही बायोप्सीच्या कागदावर नसतं. ताई, तुमचा मानेचा मुद्दा मला पटतो. पण आठवण करून देणं वेगळं आणि उपचार ठरवणं वेगळं.

निपाणीकर
सिस्टर, अगदी हेच म्हणायचंय मला. ताई, टाटाचंच उदाहरण मीही देतो. डोक्या-मानेच्या बळावलेल्या कॅन्सरला निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध सहसा दर दोन आठवड्यांनी 240 मिलिग्रॅम देतात, आणि तो खर्च आपल्याकडे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. टाटाच्या डॉक्टरांनी स्वस्त गोळ्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त 20 मिलिग्रॅम देऊन बघितलं. 2022 मध्ये निकाल आला: वर्षभर जगणारे नुसत्या गोळ्यांवर 16 टक्के होते, ते 43 टक्क्यांवर गेले. अमेरिकन पुस्तकावर वाढलेलं मशीन 240 च सांगणार. ते ऐकून कोणी शेत विकेल, कोणी उपचारच सोडून देईल.

चिकोडी
पैशाचं निघालंच म्हणून. सीमाभागातल्या 865 गावांना महाराष्ट्राने महात्मा फुले योजना लागू करायचं ठरवलं, इकडे कर्नाटकाची वेगळी योजना. कुठलं कार्ड कुठल्या हॉस्पिटलात चालतं यावर आमचा उपचार ठरतो. घरी मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, रिपोर्ट इंग्रजीत. निदान रिपोर्ट समजावून सांगायला तरी एआय वापरू द्या, त्याला आडकाठी नको.

खानापूरची ताई
निव्होलुमॅबचं मान्य. पण दादा, तो 2022 चा निकाल किती तालुक्यांत पोचला? पुस्तक अमेरिकन असेल तर पुस्तक बदला. नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातल्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याच्या मार्गदर्शक सूचना भारतासाठीच लिहिल्यात, त्या घाला.

निपाणीकर
घाला की. पण त्यानंतरही तपासा. 2023 मध्ये जामा ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात कॅन्सरच्या उपचारांवर चॅटजीपीटीची घेतलेली परीक्षा छापून आली. जवळजवळ प्रत्येक उत्तरात एखादा तरी बरोबर उपचार होता, आणि सुमारे एक तृतीयांश उत्तरांत त्याच्याच शेजारी चुकीचाही. सगळंच चुकलं असतं तर डॉक्टरने लगेच ओळखलं असतं. बरोबरमध्ये मिसळलेलं चूक तालुक्याचा सर्जन कसं ओळखणार? तुम्ही ज्याच्यासाठी मशीन मागताय, त्यालाच ते ओळखणं सगळ्यात अवघड.

खानापूरची ताई
म्हणून तर मी उपचार ठरवायला मशीन मागत नाही. पेशंटला बोर्डाकडे कधी पाठवायचं, एवढं त्याने सर्जनला सांगावं. त्याची परीक्षाही तशीच घ्या: पाठवायला हवा होता आणि पाठवला नाही, असे किती सुटले ते मोजा.

वॉर्डातली सिस्टर
ही परीक्षा घेण्यासारखी आहे. मोजताना ऑपरेशन होऊन मग आमच्याकडे आलेलेही धरा. एकदा मान तशीच सोडून तोंड शिवलं की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं.