पठारावरील वसतिगृहासाठी आपत्कालीन आराखडा कसा असावा?

सत्तरीकर (प्रश्न)

नमस्कार. मी गोव्यातील ताळगाव पठारावर पदव्युत्तर शिक्षण घेत असून यंदा मुलींच्या वसतिगृहाच्या विद्यार्थी समितीत आहे. पावसाळ्यापूर्वी समितीने एक आपत्कालीन आराखडा तयार करावा, असे आमच्या अधीक्षिकांनी सुचविले आहे. इंटरनेटवरील नमुने मी वाचले, परंतु त्यांपैकी बहुतेक परदेशी विद्यापीठांचे आहेत. त्यांत हिमवादळाला आणि बंदूकधारी हल्लेखोराला पानेच्या पाने दिली आहेत, मात्र वीज कोसळण्याबद्दल चार ओळी आणि सर्पदंशाबद्दल एकही शब्द नाही. आमच्याकडे काणकोण, सांगे, पेडणे येथील मुलींबरोबरच सिंधुदुर्ग आणि कारवारकडच्या मुलीही राहतात. त्यांतील अनेकजणी प्रथमच घराबाहेर पडलेल्या असतात. प्रत्येक खोलीच्या दारामागे लावता येईल असा एकच कागद करायचा झाल्यास त्यावर काय असावे आणि काय गाळावे? आग लागल्यास सर्वांनी कोठे जमावे, हेही अद्याप ठरलेले नाही.

अग्निशमन दलातून निवृत्त, म्हापसा

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. इमारतीबाहेर पडलेल्या मुली एकाच ठिकाणी आल्या नाहीत, तर आत कोणी अडकले आहे की नाही हे कोणालाच सांगता येत नाही, आणि मग जवानांना रिकाम्या खोल्यांतून धुरात शोध घ्यावा लागतो. जमण्याची जागा इमारतीपासून पुरेशी दूर असावी आणि बंबाच्या वाटेत येऊ नये. प्रत्येक मजल्यावरील एका मुलीकडे नावांची कागदावरची यादी असावी. संगणकातील यादी वीज गेल्यावर निरुपयोगी ठरते. सुटीसाठी गावी गेलेल्या मुलींची नोंद त्याच यादीत रोज संध्याकाळी व्हायला हवी, अन्यथा वाळपईला घरी झोपलेल्या मुलीसाठी जवान तिसऱ्या मजल्यावर जीव धोक्यात घालतील.

आगीत माणसे बहुधा ज्वाळांपेक्षा धुराने दगावतात. म्हणून खोलीबाहेर पडताना दार ओढून घ्यावे, धूर असल्यास जमिनीलगत वाकून जावे आणि लिफ्ट वापरू नये, या तीन सूचना मोठ्या अक्षरांत द्याव्यात. लहान अग्निशामक नळकांडे जेमतेम १५-२० सेकंद चालते. खिळा काढून, नळी आगीच्या मुळाशी रोखून, पाठीमागे दार ठेवूनच ते वापरावे; तेवढ्यात आग विझली नाही, तर दुसरे आणण्यासाठी धावू नये, बाहेर पडावे. वसतिगृहांतील आगीची नेहमीची कारणे म्हणजे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली पाण्याची किटली, इस्त्री आणि इंडक्शन शेगडी. मार्च ते मे या काळात पठारावरील वाळलेले गवत पेटते, त्यासाठी इमारतीभोवतीचा पट्टा कापून मोकळा ठेवावा. हे काम अर्थात विद्यार्थ्यांचे नव्हे, प्रशासनाचे आहे.

फोंड्याची परिचारिका

ताई, सर्पदंशाचा मुद्दा तुम्ही काढलात हे बरे केलेत. आपल्या जांभ्याच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, फुरसे आढळते, आणि नाग, घोणस, मण्यार हेही गोव्यात आहेत. यांपैकी मण्यार वसतिगृहासाठी विशेष लक्षात ठेवावी, कारण ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, आणि दंशाची खूण किंवा वेदना बहुधा जाणवतही नाही. पहाटे पोटात दुखू लागले, पापण्या जड होऊन मिटू लागल्या, बोलणे अडखळू लागले, तर त्याला पित्त समजून सोडा पाजत बसू नये. उकाड्यामुळे गच्चीवर किंवा व्हरांड्यात अंथरूण टाकण्याची सवय अनेकींना असते. तिथे खाली खोचलेल्या मच्छरदाणीविना झोपू नये, असे कागदावर स्पष्ट लिहा.

दंश झाल्यावर त्या व्यक्तीला चालू देऊ नये, हातापायाला फळी बांधून तो स्थिर ठेवावा, अंगठ्या, बांगड्या आणि पैंजण काढावेत, वेळ नोंदवावी. आवळपट्टी, चीर देणे, विष चोखणे आणि मंत्रतंत्र हे सर्व वर्ज्य. साप पकडून आणण्याची गरज नाही. वर सांगितलेल्या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय पठाराच्या जवळच आहे, त्यामुळे १०८ ला फोन करून थेट तेथेच नेण्याचा आग्रह धरावा.

फोन करताना आणखी एक अडचण मी अनेकदा पाहिली आहे: घाबरलेली मुलगी ‘आमच्या हॉस्टेलमध्ये या’ एवढेच सांगते. वसतिगृहाचे पूर्ण नाव, कोणत्या फाटकातून आत यायचे आणि जवळची ठळक खूण ही तीन वाक्ये कागदावर जशीच्या तशी वाचता येतील अशी लिहून ठेवा, आणि एकीला फाटकावर उभे करा.

सत्तरीकर

दोघांचेही आभार. मात्र यातून एक पेच निर्माण झाला आहे. आमच्यासमोरची मोकळी जागा म्हणजे उघडा सडाच आहे. मे महिन्यात किंवा ऑक्टोबरमध्ये गडगडाट चालू असताना शॉर्टसर्किटने आग लागली, तर सर्वांना तेथे उभे करणे योग्य होईल का?

अग्निशमन दलातून निवृत्त, म्हापसा

मुळीच नाही. उघड्या पठारावर उभा असलेला माणूसच सर्वांत उंच वस्तू ठरतो, आणि एकट्या झाडाखाली जाणे त्याहून वाईट. म्हणून दोन जागा ठरवा: कोरड्या हवामानासाठी मोकळी आणि विजांच्या वेळी शेजारच्या पक्क्या इमारतीतील. त्या इमारतीचे दार रात्री कोण उघडणार, हे आधी ठरले नाही तर दुसरी जागा केवळ कागदावरच राहील. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला, तर ती साधारण १० किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप मोफत आहे, ते घ्या.

फोंड्याची परिचारिका

यात एक भर. वीज पडलेल्या व्यक्तीच्या अंगात वीज साठून राहत नाही, तिला लगेच हात लावता येतो. श्वास थांबला असल्यास छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाब देत राहावे. हे वाचून जमत नाही. समितीतील निदान चार-पाचजणींनी प्रशिक्षण घ्यावे.

माजी वसतिगृहवासी, काणकोण

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा गोव्यात अनेक ठिकाणी झाडे आणि खांब पडून वीज गेली, आणि मोबाइलचे नेटवर्कही कोलमडले. त्यामुळे व्हॉट्सॲप गटावर उभारलेला आराखडा मला अपुरा वाटतो. कॉल लागत नसताना साधा एसएमएस पुष्कळदा पोहोचतो. पालकांना कोणती एकच मुलगी निरोप देणार, हे ठरवून ठेवा. ११२ हा क्रमांक स्वतःच्या कंपनीचे नेटवर्क नसले तरी उपलब्ध असलेल्या दुसऱ्या नेटवर्कवरून लागू शकतो. त्याखेरीज महिलांसाठी १०९१ आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ कागदावर असू द्या. परीक्षेच्या काळात शेवटच्या क्रमांकाची गरज आगीच्या क्रमांकापेक्षा अधिक वेळा भासते, असे माझे मत आहे.

दमा, अपस्मार किंवा मधुमेह असलेल्या मुलींची माहिती मात्र दारामागे लावू नये. ती बंद पाकिटात अधीक्षिकांकडे असावी, आणि देणे ऐच्छिक असावे.

सत्तरीकर

दोन जागा आणि पाकीट या दोन्ही सूचना समितीने मान्य केल्या आहेत. एकच गोष्ट उरते. अनेक वसतिगृहांप्रमाणे मुलींच्या सुरक्षेसाठी मागचे दार रात्री कुलूपबंद ठेवावे, असे पालकांचे म्हणणे आहे, आणि ते मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही.

अग्निशमन दलातून निवृत्त, म्हापसा

पालकांना बाहेरून कोणी आत येऊ नये असे वाटते. त्यासाठी आतले कुलूप लागत नाही. आतून ढकलताच उघडणारी आणि बाहेरून न उघडणारी आडवी दांडी बसवता येते, व दार उघडताच पहारेकऱ्याच्या खोलीत घंटा वाजेल अशी जोडणीही करता येते. ती बसेपर्यंत किल्ली दाराशेजारी काचेच्या पेटीत ठेवा आणि सराव एकदा तरी रात्री, दिवे बंद करून, त्याच दारातून घ्या.