पुन्हा धावताना छायाचित्रकाराची नजर

प्रश्न: तीन वर्षांच्या खंडानंतर मी पुन्हा धावू लागलो आहे. पूर्वी ज्या रस्त्यांवर माझे लक्ष केवळ घड्याळाकडे असे, तिथेच आता भिंतीवरची झाडाची सावली किंवा डबक्यात उतरलेले आकाश पाहून छायाचित्र घेण्यासाठी पाय थबकतात. अशा थांबण्याने सराव वाया जातो का?

पहिले उत्तर: मुळीच नाही. दीर्घ खंडानंतर दमसास काही आठवड्यांत सुधारू लागतो, परंतु हाडे आणि कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट तंतू) यांना भार पेलण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. म्हणून आरंभी धावणे व चालणे आलटून पालटून करावे, आणि तुमचे थांबे त्या चालण्याच्या टप्प्यांतच बसवावेत.

दुसरे उत्तर: छायाचित्र मात्र उभे राहून, दोन-तीन श्वास संथ झाल्यावर घ्यावे, कारण धाप लागलेली असताना हात हलतो. म्हणूनच शक्य असल्यास शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश शिरू देण्याचा अवधी, १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवावा. सूर्योदयानंतरचा पहिला तास मला सर्वांत प्रिय आहे. सूर्य क्षितिजालगत असताना प्रकाश वातावरणाच्या अधिक जाड थरातून येतो, त्यातील निळा भाग वाटेत विखुरतो आणि उरलेला सोनेरी, तिरपा प्रकाश भिंतीचा खडबडीतपणा, झाडाची साल, एवढेच काय, रस्त्यावरची खडीसुद्धा उठावदार करतो.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. उद्यापासून तोच मार्ग उलट दिशेने धावेन, म्हणजे प्रकाश समोरून येईल.