मदत हवी आहे : एकाच खाणपट्ट्यासाठी तीन अर्ज, निवड कशाच्या आधारावर?

नमस्कार मंडळी. दगडखाणीच्या एकाच सरकारी गटाच्या (जमिनीच्या तुकड्याच्या) खाणपट्ट्यासाठी, म्हणजे खाणकामाच्या भाडेपट्ट्यासाठी, आम्ही तिघांनी अर्ज केला होता. माझा अर्ज सर्वांत आधीचा, कागदपत्रं पूर्ण. खाणपट्टा मात्र तिसऱ्या अर्जदाराला मिळाला. आदेशात एवढंच लिहिलंय, 'अर्जदार पात्र आहे'. आम्ही दोघं अपात्र का, यावर एक ओळही नाही. मला सुनावणीलाही बोलावलं नाही, हे जास्त लागलं.

थोडं वाचलं. गौण खनिजांचे (दगड, वाळू वगैरे) नियम राज्य सरकार १९५७ च्या खाण कायद्याच्या कलम १५ खाली करतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८१ च्या हिंद स्टोन निकालानुसार नुसत्या अर्जाने हक्क तयार होत नाही आणि प्रलंबित अर्ज निर्णयाच्या वेळच्या नियमांनुसारच निकाली निघतो. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पेक्ट्रम (मोबाइल सेवेच्या लहरींचं वाटप) प्रकरणात 'प्रथम येणाऱ्यास प्राधान्य' ही पद्धतच सदोष ठरवली. म्हणजे 'मी आधी आलो' हा मुद्दा लंगडाच. पण त्याच वर्षी, लिलाव प्रत्येक वेळी बंधनकारक नाही, असंही न्यायालयाने सांगितलं.

मग कारणं न देता केलेली निवड संविधानाच्या कलम १४ (समानतेचा हक्क) खाली टिकते का? आधी अपील करावं की थेट उच्च न्यायालयात रिट याचिका? तिन्ही अर्जांची तुलनात्मक टिपणी माहिती अधिकारात मिळते का? कुणी यातून गेलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.