लहान सुशी उपाहारगृहात सहा जणांनी काय आणि कसे मागवावे?

बाणेरवासी:
नमस्कार. महाविद्यालयापासूनचे आम्ही सहा मित्रमैत्रिणी दर दोन महिन्यांनी एकत्र जेवतो. या वेळी बाणेरमध्ये माझ्या घराजवळच्या गल्लीत सुरू झालेल्या एका सुशी उपाहारगृहात जायचे ठरले आहे. तेथे चारच टेबले असून सुशी करणारा आचारी एकच आहे. शाकाहारी रोल 380 रुपयांपासून आणि माशांचे 450 ते 500 रुपयांना मिळतात. माणशी 700 रुपयांत, करासह, जेवण व्हावे अशी इच्छा आहे. आमच्यापैकी दोघी शाकाहारी असून त्यांतील एकीला अंडेही चालत नाही. एक मित्र मूळचा मालवणचा. मासे त्याला जीव की प्राण, परंतु कच्च्या मासळीला तो बिचकतो.

मागे अशाच एका ठिकाणी आम्ही सगळे पदार्थ एकदम मागवले, पाऊण तास वाट पाहिली, गप्पांच्या नादात निम्मे रोल तसेच राहिले आणि ते खाईपर्यंत चिवट झाले. शाकाहारी मैत्रीण काकडीच्या सहा तुकड्यांवर उठली, याचे मला अजूनही वाईट वाटते. या वेळी तसे होऊ नये म्हणून काय करावे?

कोमटभात:
मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले आणि पुढे दोन वर्षे ओकायामा येथे राहिले. (सिंहगड रस्त्यावरचे आपले पु. ल. देशपांडे उद्यान ज्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केले आहे, ती याच शहरात आहे.) तुमच्या प्रश्नाचे उत्तर माशात नसून भातात आहे, असे मला वाटते. सुशी म्हणजे कच्चा मासा नव्हे. तांदळाचे व्हिनेगर, साखर आणि मीठ लावलेला भात ज्यात असतो ती सुशी, आणि भाताविना नुसते माशाचे काप दिले तर ती साशिमी. हा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतानाच खरा चांगला लागतो. फ्रिजमध्ये गेला की आपल्या शिळ्या भातासारखेच त्याचे शीत ताठरते. नोरी, म्हणजे बाहेरचा समुद्रशेवाळाचा कागद, त्याहून नाजूक असते. भाजलेल्या पापडासारखी ती कुरकुरीत असते आणि भाताचा ओलावा लागताच काही मिनिटांत सादळते. तुमचे रोल चिवट झाले ते यामुळेच.

म्हणून तीन फेऱ्यांत मागवा, आणि एका फेरीत तीनच ताटल्या घ्या. होसोमाकी, म्हणजे नोरी बाहेर असलेला बारीक रोल, बहुधा सहा तुकड्यांचा असतो. प्रत्येकाने एकेक उचलला की तो आल्याआल्या संपतो. ज्यात भात बाहेर आणि नोरी आत असते त्या उरामाकीचे बहुधा आठ तुकडे असतात आणि तो थोडा वेळ थांबू शकतो, म्हणून गप्पा रंगल्यावर तो घ्यावा. एकट्या आचाऱ्यालाही अशाने उसंत मिळते. शक्य असल्यास शनिवार टाळा आणि सातच्या सुमारास जा.

वासाबी म्हणून जी हिरवी गोळी मिळते ती बहुतेक ठिकाणी हॉर्सरॅडिश नावाच्या मुळापासून केलेली असते. तिचा आणि फेसलेल्या मोहरीचा झणका एकाच द्रव्यामुळे येतो. नवख्या मित्राला "मोहरी नाकात जाते तसे होईल" एवढे सांगितले की तो आपोआप बेताने घेतो.

पालेभाजी:
मी जन्मापासून शाकाहारी आहे आणि वर्षातून चार-पाच वेळा तरी मित्रांसोबत सुशी खाते, त्यामुळे हे कळकळीने लिहीत आहे. मेनूवर हिरवा ठिपका आहे एवढ्यावर थांबू नका. मिसो सूपचे पाणी, ज्याला दाशी म्हणतात, ते बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे असते. कोम्बू या समुद्रशेवाळाचे करतात का, ते विचारा. इनारी म्हणजे टोफूची गोडसर पिशवीही पुष्कळदा त्याच पाण्यात शिजवलेली असते. तेम्पुराच्या, म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेल्या पदार्थाच्या, पिठात आणि मेयोनीजमध्ये अंडे आहे का, आणि तळणीचे तेल कोळंबीसाठी वापरलेलेच आहे का, हेही विचारावे लागते. रोलवर भुरभुरलेले नारिंगी दाणे ही माशाची अंडी असतात. काकडी, अव्होकाडो, मुळ्याचे पिवळे लोणचे, शिताके मशरूम, शतावरीचे कोंब यांचे रोल बहुधा खाता येतात, फक्त सुरी आणि रोल वळायची चटई वेगळी घ्या असे नम्रपणे सांगावे.

आणखी एक विनंती. पहिल्या फेरीतील तीनपैकी दोन ताटल्या शाकाहारी असू द्या. त्या सहाही जणांना खाता येतात, माशाची ताटली चौघांनाच. शाकाहारी माणसाचे जेवण शेवटी कोपऱ्यात येते तेव्हा तो पंक्तीत असूनही पंक्तीबाहेर असतो.

शीतसाखळी:
मी गोठवलेल्या अन्नाच्या गोदामात काम करतो. कच्च्या माशातील कृमी मरावेत म्हणून तो उणे 20 अंश सेल्सिअसवर सात दिवस ठेवावा, अशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस आहे. म्हणून "गोठवलेला आहे" हे ऐकून नाक मुरडू नका. ती काळजीची खूण आहे. मात्र गोठवल्याने सगळे जिवाणू मरत नाहीत, त्यामुळे मासा वितळल्यानंतर किती थंड ठेवला जातो, हे अधिक महत्त्वाचे आहे. काउंटरवरचा मासा उघडा पडलेला असेल किंवा उग्र वास येत असेल, तर त्या दिवशी शिजवलेलेच खा. गरोदर स्त्रियांनी कच्चे टाळावेच.

तुमच्या मालवणी मित्रासाठी सुरुवात उकडलेल्या कोळंबीच्या निगिरीने, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेल्या कोळंबीने करा, नंतर भाजलेली उनागी, म्हणजे गोड्या पाण्यातील ईल. ती नेहमी शिजवूनच देतात.

बाणेरवासी:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. गुरुवारी सात वाजता जाऊन आलो. तीन फेऱ्यांत नऊ ताटल्या घेतल्या, चार शाकाहारी आणि पाच माशांच्या. 3,900 रुपये आणि पाच टक्के कर मिळून 4,095 रुपये झाले. काकडीचा रोल समोर आला तेव्हा सगळ्यांनी बोलणे थांबवून तो खाल्ला, आणि नोरी दाताखाली कुरकुरली. मुळ्याच्या लोणच्याचा रोल शाकाहारी मैत्रिणीला इतका आवडला की तिने तिसऱ्या फेरीत तोच पुन्हा मागवला. मालवणच्या मित्राने कोळंबी आणि उनागी खाल्ल्यावर आपणहून सॅल्मनचा एक तुकडा उचलला, सावकाश चावला आणि "कोकमाचं सार हवं होतं याच्याबरोबर" म्हणाला. सूप मात्र बोनिटोचेच होते, म्हणून आम्ही कोणीच घेतले नाही. आदल्या दिवशी कळवले तर कोम्बूचे करून ठेवीन, असे आचाऱ्याने सांगितले आहे. पुढच्या वेळी तसा फोन करणार आहे.