मदत हवी आहे: आतड्यातल्या जिवाणूंमुळे सूज का येत नाही?

परळला बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवते. जन्मजात प्रतिकारशक्ती सुरू आहे. एका मुलीचा गुडघा लोकलमध्ये चढताना खरचटला होता. लाल, गरम, कडेला पिवळसर पू. त्यावरूनच समजावलं: मॅक्रोफेजवरचा (जिवाणू गिळणाऱ्या पेशीवरचा) टीएलआर-४ हा ग्राहक-रेणू ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंच्या आवरणातलं लिपोपॉलिसॅकराइड ओळखतो, सायटोकाइन (सूज आणणारे संदेश-रेणू) सुटतात, काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात. तिने लगेच विचारलं, “मॅडम, आतड्यातल्या ई. कोलायलाही तेच आवरण आहे ना?” किती नेमका प्रश्न!

श्लेष्माचा थर सांगून झाला. आयजीए हे प्रतिपिंडही सांगितलं, पण ते अर्जित प्रतिकारशक्तीचं. प्रोजेक्टर नाही, फळ्यावरच काढून दाखवायचंय. रेणूंची नावं चालतील. श्लेष्मा ओलांडून आत शिरलेल्या जिवाणूंना आतड्यातले मॅक्रोफेज गिळून मारतात, तरी सायटोकाइनचा तसा भडका का उडत नाही?